रिकामं एक्सएमएलएनएस: सेडने पुसावं की नाही?

तर्रीवाला: नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत्यासाठी संत्र्याच्या भावाचं पान करून राहिलो. एक्सएमएलवर एक्सएसएलटी 1.0, म्हणजे एक्सएमएलमधल्या माहितीचं वेबपान बनवणारी भाषा. मेनूचे टेम्पलेट वेगळ्या फायलीतून इन्क्लूड केले, की मेनूच्या सगळ्यात बाहेरच्या डिव्ह टॅगवर रिकामं एक्सएमएलएनएस (नेमस्पेस, म्हणजे टॅग कुठल्या कुळाचा ते सांगणारी खूण) येऊन लटकते. नको त्या नेमस्पेस-घोषणा गाळणारं एक्सक्लूड-रिझल्ट-प्रीफिक्सेस लावून पाहिलं, ढिम्म. आता शेवटी सेडच्या (मजकूर शोधून बदलणारी कमांड) एका ओळीने पुसतो. पान दिसलं म्हणजे झालं, असं माझं मत. बोला.

रामदासपेठी: काहून पुसता भाऊ? प्रोसेसर खरं बोलून राहिला. मुख्य फायलीत एक्सएचटीएमएलचं (एक्सएमएलच्या नियमांनी लिहिलेलं एचटीएमएल) नेमस्पेस डिफॉल्ट म्हणून लिहिलं, ते त्या फायलीपुरतंच. इन्क्लूडने टेम्पलेट येतात, ती ओळ येत नाही. मेनूचा डिव्ह कुठल्याच नेमस्पेसमध्ये नाही, म्हणून बाहेरचं नेमस्पेस त्याला तिथे रद्द करावंच लागते. एक्सक्लूडवालं फक्त बिनकामाच्या घोषणा काढते, हे त्याचं कामच नाही. तीच ओळ मेनूच्या फायलीच्या स्टाइलशीट टॅगवर टाका. उद्या प्रोसेसर बदलला न् त्याने एकेरी अवतरणं छापली, की तुमचा सेड हुकला.

महालवाला: दोघंही उगाच घाम गाळता. टेक्स्ट-एचटीएमएल म्हणून पान जात असेल, तर ब्राउझर त्या रिकाम्या एक्सएमएलएनएसकडे ढुंकूनही पाहत नाही. मी म्हणतो, सगळ्या फायलींतून नेमस्पेसच काढा न् आउटपुट मेथड एचटीएमएल ठेवा.

रामदासपेठी: अन् उद्या ईपब, म्हणजे ई-पुस्तक, मागितलं तर? तिथे एक्सएचटीएमएलच लागते.

महालवाला: अडत्या ईपब मागणार? बाप्पा!

तर्रीवाला: मेथड आधीपासून एचटीएमएलच आहे. मेनूच्या फायलीत ओळ टाकली, लटकन गेलं. पण पान पांढरंफक! वरचा मेनू तेवढा दिसते, खाली काहीच नाही.

महालवाला: मेनूच्या शेवटी रिकामा स्क्रिप्ट टॅग आहे का? मी गेल्या मे महिन्यात यातच दोन तास घालवले, त्यात कूलर बंद. एक्सएसएलटी 1.0 मध्ये नेमस्पेसवालं एलिमेंट एचटीएमएल धरतच नाहीत, एक्सएमएलसारखं छापतात. म्हणजे स्क्रिप्ट तिरप्या रेघेने जागीच बंद. ब्राउझर ती रेघ मानत नाही न् खालचं अख्खं पान स्क्रिप्ट समजून गिळते. काल नेमस्पेस नव्हतं, म्हणून चालत होतं.

रामदासपेठी: हे मात्र खरं. स्क्रिप्टच्या पोटात एक्सएसएल-टेक्स्टने एक स्पेस टाका, मग बंद करणारा टॅग वेगळा छापला जाईल.

तर्रीवाला: टाकला. भाव दिसले. सेडची ओळ अजून काढली नाही, शिव्या नका देऊ.