बालीत स्वतःचा पूल असलेला व्हिला, सोबत आई-बाबा आणि चार वर्षांची मुलगी: बुकिंगआधी काय तपासायचं?

कॉलेजरोडकर

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या सुट्टीत नाशिकहून बालीला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, चार वर्षांची मुलगी आणि आई-बाबा. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे पायऱ्या कमी हव्यात. सगळे शाकाहारी, आईची संकष्टी असते. मोठ्या रिसॉर्टमध्ये दोन खोल्या घेण्यापेक्षा दोन बेडरूमचा, स्वतःचा पूल असलेला बुटीक व्हिला बरा वाटतोय. पैसे थोडे जास्त गेले तरी चालेल, पण तिथे गेल्यावर हिरमोड नको. फोटोत सगळेच व्हिले सुंदर दिसतात. उबुद घ्यावं की सेमिन्याक? आणि बुकिंगआधी व्हिलावाल्यांना नेमकं काय विचारायचं?

पंचवटी_प्रवासी

बाबांचे गुडघे आणि लहान मूल या दोन गोष्टी धरल्या तर माझं मत बालीतल्याच सनूर या किनाऱ्यावरच्या गावाला. उबुदचे जे व्हिले फोटोत डोळ्यात भरतात, ते बहुतेक नदीच्या दरीच्या उतारावर असतात. रिसेप्शन वर, व्हिला खाली, नाश्त्याची जागा आणखी खाली. काही ठिकाणी पाहुण्यांना ने-आण करणारी छोटी गाडी (बग्गी) असते, पण ती व्हिलाच्या दारापर्यंत येतेच असं नाही. सनूर सपाट आहे. किनाऱ्यालगत चालायला लांबच लांब फरसबंद रस्ता आहे, आणि समोर प्रवाळाची रांग असल्याने लाटा तिथेच अडतात, किनाऱ्याशी पाणी शांत असतं. सेमिन्याकला लाटा आणि पाण्याची ओढ जोरात असते, लहान मुलीला तिथे घोट्याच्या वर पाण्यात नेऊ नका. उबुद बघायचंच असेल तर सनूरहून गाडीने सकाळी लवकर निघून संध्याकाळी परत या.

पायऱ्यांचा प्रश्न असा विचारा: "गाडी थांबते तिथून बेडरूमच्या दारापर्यंत किती पायऱ्या? दोन्ही बेडरूम तळमजल्यावर आहेत का? बाथरूममध्ये उतरायला पायरी आहे का?" नुसतं "ज्येष्ठांना सोयीचं आहे का" विचारलंत तर उत्तर "हो" असंच येणार. दोन बेडरूमच्या व्हिलात दुसरी खोली बऱ्याचदा वरच्या मजल्यावर असते, आणि तिथला लाकडी जिना अरुंद, कठड्याशिवायचा असू शकतो.

दुसरं म्हणजे 'ओपन लिव्हिंग'. बालीच्या व्हिल्यांत बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर एका बाजूने पूर्ण उघडं असतं, भिंतही नाही, काचही नाही. दिसायला झकास, पण तिथे एसी नसतो, संध्याकाळी डास येतात आणि पाऊस तिरका आला की सोफा भिजतो. आई-बाबा दुपारी बसणार कुठे, याचा विचार करा. काचेची सरकती दारं असलेली, एसीची बंद बैठक हवी, असं स्पष्ट सांगा. बाथरूमही अर्धं उघडं असतं, वर आकाश. पावसात फरशी ओली राहते आणि रात्री उठणाऱ्या माणसाचा पाय घसरतो.

तिसरी तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते ती शेजारच्या बांधकामाची. चांगू, पेरेरेनान, बेरावा या पट्ट्यात तर भातखाचरं बुजवून सारखे नवे व्हिले उभे राहतायत. सकाळी आठपासून टाइल कापायची मशीन सुरू झाली की पूलच्या कडेला बसणं अशक्य. उपग्रहाच्या नकाशावर व्हिलाच्या चारही बाजूंचे प्लॉट बघा. परीक्षणं 'सर्वात नवीन' क्रमाने लावून त्यात कन्स्ट्रक्शन, नॉइज, मॉस्किटो हे शब्द शोधा. दोन वर्षांपूर्वीच्या कौतुकाला इथे किंमत नाही, कारण तेव्हा शेजारी शेत असेल. मग व्हिलावाल्यांना तारखा देऊन लेखी विचारा: "या दिवसांत लगतच्या जागेत काम चालू असेल का?" लेखी उत्तर असलं तर पुढे पैसे परत मागताना हातात काहीतरी राहतं.

मे उत्तम आहे. पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि जुलै-ऑगस्टची गर्दी अजून सुरू झालेली नसते. इथे वाचणारं कोणी पाडव्याच्या सुट्टीत जाणार असेल तर न्येपी कधी येतं ते आधी बघा. ते तिथलं शक नववर्ष. २०२६ मध्ये तर न्येपी आणि आपला गुढीपाडवा दोन्ही १९ मार्चला. त्या दिवशी २४ तास विमानतळ बंद असतो आणि पाहुण्यांनाही हॉटेलच्या आवाराबाहेर पाऊल टाकता येत नाही.

सातपूर_मेंटेनन्स

वरचं सगळं बरोबर. मी फोटोत न दिसणाऱ्या भागाबद्दल लिहितो: गरम पाणी, वीज आणि पूल.

गरम पाणी. व्हिलात ५० लिटरचा गीझर असेल तर हिशेब असा. गीझरमध्ये ६० अंशांचं पाणी, नळाचं २६ अंशांचं, आंघोळीला लागतं ४० अंशांचं. म्हणजे ५० लिटरचे मिसळून साधारण १२० लिटर होतात. मोठा रेन शॉवर मिनिटाला १० लिटर घेतो, म्हणजे १२ मिनिटांत गरम पाणी संपलं. दोन आंघोळी, फार तर तीन. आणि फोटोतला फुलं टाकलेला दगडी टब २५० लिटरच्या आसपासचा असतो, तो ५० लिटरच्या गीझरवर कधीच गरम पाण्याने भरत नाही. म्हणून विचारा: प्रत्येक बाथरूमला स्वतंत्र गीझर आहे का, किती लिटरचा, की गॅसचा? गॅसचा असेल तर पाणी संपत नाही, पण सिलिंडर संपतो, आणि रात्री तो बदलायला माणूस हजर हवा.

वीज. छोट्या व्हिल्यांना मंजूर भार मोजका असतो. दोन एसी, पूलचा पंप, गीझर आणि किटली एकदम चालली की मेन एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. रात्री दोनला अंधारात बोर्ड शोधत बसू नका, चेक-इनच्या वेळीच तो कुठे आहे ते दाखवून घ्या. जनरेटर आहे का आणि त्यावर बेडरूमचा एसी चालतो का, की फक्त दिवे, हेही विचारा.

प्लग गोल दोन पिनांचे, व्होल्टेज आपल्यासारखंच. मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर थेट बसतो. आपली तीन पिनांची इस्त्री किंवा किटली बसत नाही, अडॅप्टर न्या. त्यावर एक्स्टेंशन बोर्ड लावून सगळं घर चालवू नका.

एसी १८ वर लावून दार उघडं ठेवायचं, ही सवय नाशिकच्या कोरड्या हवेत खपते. तिथल्या दमट हवेत बाहेरची वाफ थंड भिंतीवर आणि फरशीवर जमते, गादीला कुबट वास येतो आणि एसीतून पाणी ठिबकायला लागतं. २५-२६ वर ठेवा आणि दारं बंद ठेवा. कॅमेरा थंड खोलीतून बाहेर काढला की काचेवर धुकं बसतं, तो आधी पिशवीतच थोडा वेळ बाहेर राहू द्या.

पूल बहुतेक ठिकाणी गरम केलेला नसतो. उबुदमध्ये झाडांच्या सावलीतलं पाणी सकाळी चांगलंच गार लागतं. जाहिरातीत 'प्लंज पूल' लिहिलं असेल तर तो साधारण दोन बाय तीन मीटरचं टाकं, पोहण्यासाठी नाही. लांबी, रुंदी, खोली आकड्यांत मागा. पाणी निवळ असेल तर तळाच्या फरशीचे सांधे स्पष्ट दिसतात. दिसत नसतील किंवा कडेला बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं, तर क्लोरीन कमी पडलंय किंवा पंप पुरेसा चालत नाही. लगेच सांगा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ हवा. चांगल्या जागी पूलवाला रोज सकाळी मोजतो आणि विचारलं तर आकडा सांगतो.

इंदिरानगर_आई

चार वर्षांच्या मुलीसाठी पूलचं कुंपण ही पहिली अट ठेवा, बाकी सगळं नंतर. व्हिल्यांचे पूल बेडरूमच्या दारापासून दोन-तीन पावलांवर असतात, कठडा नसतो आणि उथळ भागही बऱ्याचदा नसतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी १.३ ते १.५ मीटर खोली. मूल पहाटे उठून दार सरकवून बाहेर जातं आणि मोठी माणसं झोपलेली असतात, खरा धोका तिथे आहे. जाळीचं काढता येणारं कुंपण मागा, उंची किमान १.२ मीटर, खालची फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी. व्हिलाकडे नसेल तर बालीत मुलांचं सामान भाड्याने देणारे आहेत, ते येऊन बसवून देतात. पण दगडी फरशीला भोकं पाडावी लागू शकतात, म्हणून व्हिलाची परवानगी आधीच घ्या. सरकत्या दाराला उंचावर कडी आहे का, तेही विचारा. हातावरचे फुगे म्हणजे सुरक्षा नव्हे.

डेंगी तिथेही आहे आणि तो डास दिवसा चावतो. ओडोमॉस सकाळीच लावा, आणि पलंगाला मच्छरदाणी आहे का ते विचारा, शोभेची नव्हे, गादीखाली खोचता येणारी.

माकडं आणि भटकी कुत्री यांच्यापासून मुलीला लांब ठेवा, बालीत २००८ पासून रेबीज आहे. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस. प्रवास विम्यात हे बसतं का, ते नाशिकमध्येच वाचून घ्या.

गंगापूररोड_ताई

शाकाहाराबद्दल. 'व्हेज' म्हटलं की तिथे पुष्कळदा फक्त मांस काढतात. सांबालमध्ये (तिथली तिखट चटणी) तेरासी असते, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची आंबवलेली गोळी. परतलेल्या भाज्यांत ऑयस्टर किंवा माशाचा सॉस, आणि ताटातले पांढरे कुरकुरीत पापड म्हणजे क्रुपुक तर बहुधा कोळंबीचेच. गाडो-गाडो हा भाज्यांचा पदार्थ, पण त्याच्या शेंगदाण्याच्या चटणीतही तेरासी असू शकते. हे वाक्य लिहून ठेवा आणि स्वयंपाक्याला दाखवा: "तान्पा डागिंग, तान्पा इकान, तान्पा उडांग, तान्पा तेरासी." मांस नको, मासे नकोत, कोळंबी नको, तेरासी नको. अंडं चालत नसेल तर "तान्पा तेलुर" जोडा, नाहीतर नासी गोरेंगवर (परतलेला भात) तळलेलं अंडं येतंच. टेम्पे आणि ताहू बिनधास्त खा, दोन्ही सोयाबीनचे.

व्हिलाचा फायदा हाच की नाश्ता तिथेच बनतो, त्यामुळे स्वयंपाक्याशी समोरासमोर बोलता येतं. पण पाहुण्यांना शेगडी वापरू देतात का, हे आधी विचारा. बुटीक हॉटेलांत पँट्री दिसते, पण तिथे फक्त किटली आणि फ्रिज असतो. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमची कढई तिच्यावर चालत नाही, बुडाला चुंबक चिकटतो असं भांडं लागतं.

संकष्टीसाठी साबुदाणा, भगर, दाण्याचा कूट इथूनच न्या, प्रत्येक जिन्नस बंद पाकिटात. साबुदाणा भिजवायला नळाचं पाणी घेऊ नका. दात घासायलाही नाही. दर दिवशी १९ लिटरच्या जारमधलं किंवा बाटलीचं पाणी किती मोफत देतात, ते विचारून ठेवा. पॅकबंद चिवडा चालतो, पण द्राक्षं, ताज्या भाज्या, बिया नेऊ नका, तिथे क्वारंटाइनचे नियम आहेत. कस्टमच्या अर्जात विचारलेलं खरं लिहा.

कॉलेजरोडकर

सर्वांचे मनापासून आभार, सनूर जवळजवळ पक्कं. एका व्हिलाने "४० लाख रुपिया ++" असा दर पाठवलाय (रुपिया म्हणजे तिथलं चलन), एका रात्रीचा. ++ म्हणजे काय? आणि थेट व्हॉट्सॲपवर बुक केलं तर स्वस्त देतो म्हणतायत, करावं का?

हिशेबनीस_नाशिकरोड

++ म्हणजे वर १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर १० टक्के कर. एकूण २१ टक्के. ४० लाखांचे ४८ लाख ४० हजार झाले. रुपयाला १८५ रुपिया धरले तर सुमारे २६ हजार रुपये रात्रीला. मसाज, जेवण, विमानतळाची गाडी यांच्या दरांपुढेही ++ आहे का बघा, खरा फुगवटा तिथे येतो. दोन व्हिल्यांची तुलना करताना दोन्हीकडून 'नेट', म्हणजे कर आणि सेवाशुल्क धरून, दर मागा.

बेडरूम दोन असल्या तरी दर चार जणांचा असतो. तुम्ही पाच. मुलीचं वय सांगून जादा पलंग लागेल का आणि त्याचे किती, हे त्याच मेसेजमध्ये मिटवा.

थेट बुकिंग स्वस्त पडू शकतं, पण आधी शहानिशा करा. नकाशावरच्या नोंदीतला फोन लावा आणि व्हॉट्सॲपवाला माणूस त्यांचाच आहे का विचारा. पैसे कोणा व्यक्तीच्या खात्यावर मागितले तर सोडून द्या. कार्डाने भरा. क्रेडिट कार्डावर परदेशी चलनाचं शुल्क बहुधा ३.५ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. तिथल्या मशीनवर "भारतीय रुपयांत भरायचे का" असा पर्याय आला तर नाही म्हणा, त्यात दर वाईट लावतात. रुपियातच भरा.

रद्द करण्याच्या अटी नीट वाचा. बऱ्याच व्हिल्यांत बुकिंगला निम्मे पैसे आणि येण्याच्या ३० दिवस आधी उरलेले भरायचे असतात, आणि त्यानंतर काहीच परत मिळत नाही. सुरक्षा ठेव असेल तर पोहोचल्याबरोबर सोफा, टीव्ही, काचा, चादरी यांचा व्हिडिओ काढून त्यांनाच पाठवा.

वेगळा खर्च म्हणजे आगमन-व्हिसा, माणशी ५ लाख रुपिया, ३० दिवसांचा. शिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून बालीचा पर्यटक कर, माणशी दीड लाख. दोन्ही लहान मुलांनाही. पाच जणांचे साडेबत्तीस लाख रुपिया, म्हणजे साधारण साडेसतरा हजार रुपये. दोन्ही सरकारी संकेतस्थळावरच भरा, तसेच दिसणारे दलालांचे पोर्टल वरून पैसे घेतात. पासपोर्टची मुदत पोहोचायच्या दिवसापासून किमान सहा महिने हवी, मुलीचाही बघा, लहान मुलांचा पाच वर्षांचाच असतो.

पंचवटी_प्रवासी

वेळेचं राहिलं. बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. चेक-इन दुपारी दोन किंवा तीनला. विमान सकाळी उतरणार असेल तर आई-बाबांना पाच-सहा तास लॉबीत बसावं लागेल. त्यापेक्षा आदल्या रात्रीचं भाडं भरून 'सकाळी आठला खोली तयार' असं लिहून घ्या, किंवा दुपारी उतरणारं विमान निवडा. परतीचं विमान रात्रीचं असेल तर संध्याकाळी सहापर्यंत खोली ठेवायला बऱ्याच ठिकाणी निम्मं भाडं घेतात, पण त्याच दिवशी दुसरं बुकिंग असेल तर नकार येतो, म्हणून तेही आत्ताच मागा.

मुंबई विमानतळासाठी इगतपुरीहून समृद्धीने आमणेपर्यंत झटकन जाता, पुढे भिवंडी-ठाण्यात अडकता. वेळ त्या टप्प्यासाठी धरा.