हाड जुळलं, मग बाबांचं मनगट का दुखतं?

देवगडची लेक:
बाबा ६८ वर्षांचे. आमची हापूसची बाग आहे. गेल्या श्रावणात जांभ्याच्या पायरीवर शेवाळावरून घसरले, उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. एक्स-रेत हाड जुळलेलं दिसतं. आठ महिने झाले, पण आंबे उतरवायच्या झेल्याची काठी धरली की कळ पार कोपरापर्यंत जाते. डॉक्टर म्हणाले, "हाड चांगलं आहे, दुखणं डोक्यात आहे." तेव्हापासून बाबा पडवीत हात मांडीवर घेऊन बसून असतात. एकदाच म्हणाले, "म्हणजे माझा दुखणा खोटा काय गो?"

दोन वर्षांपूर्वी भर हंगामात यांच्याच नडगीवर कोयता लागला होता. वाशीची गाडी भरायची होती. शेवटची पेटी चढेपर्यंत त्यांना पत्ताच नाही. विहिरीवर पाय धुताना रक्त दिसलं आणि मग ठणका सुरू झाला. हा माणूस ढोंग करील? मेंदूच दुखणं ठरवत असेल, तर त्यांना ते सांगू कसं?

फिजिओताई, रत्नागिरी:
आधी सांग, हात सुजतो का? रंग बदलतो? घाम येतो? दुसऱ्या हातापेक्षा गरम किंवा गार लागतो? मनगट मोडल्यावर काहींना असं होतं, आणि ते अंगावर काढायचं नसतं.

खोटं तर मुळीच नाही. "डोक्यात आहे" म्हणून पेशंटला घरी पाठवतात तेव्हा जीव तुटतो माझा. सगळंच दुखणं मेंदूत तयार होतं, कोयत्याचंसुद्धा. नसा नुसती वर्दी देतात. ती वाटेत मज्जारज्जूतच कमीजास्त होते, हे मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलं. गाडी भरायची होती तेव्हा बाबांच्या मेंदूने वर्दी दाबून धरली. आता उलट झालंय. घरात एकदा चोर शिरला की पुढे पाचोळा वाजला तरी कुत्रा भुंकतो. त्याचं भुंकणं खोटं नसतं. त्याला चुचकारत शांत करायचं. आज रिकामी काठी नुसती धरायची, चार दिवसांनी जरा उचलायची. आरशात डावा हात पाहून उजवा हलतोय असं मेंदूला दाखवायचा व्यायामही असतो, तो मात्र समोर बसून शिका.

वेंगुर्ल्याची काकी:
जखम भरण्यावरही मनाचा भार पडतो गो. १९९५ साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांचं करणाऱ्या बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम करून पाहिली होती. ती भरायला इतरांपेक्षा सरासरी ९ दिवस जास्त लागले. सासूबाई अंथरुणाला होत्या तेव्हा विळीने कापलेलं माझं बोट कितीतरी दिवस भरत नव्हतं. बाबांना झोप लागते का, ते बघ.

देवगडची लेक:
झोप नाहीच, काकी. रात्री दोनला पडवीत दिवा दिसतो. ताई, तुमचं उत्तर त्यांना वाचून दाखवलं. "कुत्र्याचा परत वाच" म्हणाले. मग हात पुढे केला. सूज नाही, पण उजवा डाव्यापेक्षा गार लागला. आठ महिन्यांत मी तो हातात घेऊन पाहिलाच नव्हता. सोमवारी कणकवलीला दाखवायला नेते.