तसबीर, शबीह, व्यक्तिचित्र... नेमकं काय लिहू?

लंडनच्या नॅशनल गॅलरीत रेम्ब्राँचं साधारण १६६१ सालचं एक चित्र आहे. मार्गारेटा द खेर (डच उच्चार तसाच काहीसा आहे, कोकणातल्या समजू नका) खुर्चीत समोर तोंड करून बसल्यात. हातात रुमाल, गळ्याभोवती भलीमोठी पांढरी कॉलर. यजमान याकोब ट्रिप लोखंडाचे आणि शस्त्रांचे व्यापारी. त्यांचं जोडचित्रही तिथंच आहे. मला चित्राखाली मराठी ओळ लिहायची आहे. 'बसलेल्या स्त्रीची तसबीर' असं लिहून आईला दाखवलं, तर म्हणाली, "कधी गेल्या?"

•

आईंचं बरोबर आहे, ताई. अरबी 'तस्वीर' म्हणजे नुसतं चित्र, पण मराठीत तसबीर खिळ्याला टांगलेली असते, देवाची नाहीतर गेलेल्या माणसाची. हार आपोआप येतो. 'शबीह' म्हणजेही माणसाचं हुबेहूब चित्र, पण ती लघुचित्रांना शोभते. हा कॅनव्हास सव्वा मीटरहून उंच आहे. 'व्यक्तिचित्र' लिहा.

•

व्यक्तिचित्र म्हटलं की मला आधी लेख आठवतो, चित्र मागाहून. चित्रकार आपसांत सरळ पोर्ट्रेटच म्हणतात. आणि कोणी 'आसनस्थ' सुचवायच्या आत सांगतो, नको. बाई ध्यानाला बसल्यासारख्या वाटतील.

•

'बरोक' (त्या काळची युरोपीय कलाशैली) लिहिणार का? हा शब्द पोर्तुगीजमधल्या वेड्यावाकड्या मोत्याच्या नावावरून आला, असं बहुतेक कोशकार मानतात. पण आपल्या डोळ्यांपुढे गोव्यातल्या चर्चमधले सोन्याने मढवलेले आल्तार (वेद्या) येतात, आणि या बाईंच्या अंगावर सगळा काळा रंग! काळ तोच, थाट वेगळा. मी तरी गाळला असता.

•

कॉलरबद्दल कुणीच बोललं नाही! डचमध्ये तिला 'मोलेनस्टेनक्राख' म्हणतात, म्हणजे गिरणीच्या दगडाची कॉलर. आपल्याकडे 'जात्याच्या तळीएवढी' म्हटलं की चित्र उभं राहतं. तलम लिननच्या कापडाला खळ देऊन चुण्या पाडायच्या. निऱ्या नव्हे हं. निऱ्या एकीवर एक सपाट बसतात, या इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या वळतात. १६६१पर्यंत ही फॅशन केव्हाच मागे पडली होती, तरी या आजींनी सोडली नाही.

•

सर्वांचे आभार. शेवटी लिहिलं : 'मार्गारेटा द खेर, खुर्चीत बसलेल्या. व्यक्तिचित्र, रेम्ब्राँ, सु. १६६१.' आईला पुन्हा दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाली, "जेवताना काढून ठेवत असतील ना गं?"