सुकार्नो, सुहार्तो, सुत्रिस्नो: इंडोनेशियन नावांतला ‘सु’

प्रश्न

बॅडमिंटनमुळे इंडोनेशियन नावं कानावर असतातच. सुसी सुसांती, ॲलन बुदिकुसुमा, रूडी हार्तोनो. राजकारणात सुकार्नो, सुहार्तो, सुसीलो बाम्बांग युधोयोनो. नाव ऐकल्याबरोबर माणूस कुठला ते कळतं. यातला ‘सु’ म्हणजे आपल्या सुनील-सुमतीतलाच का? आणि मुसलमान घरांत ही हिंदू नावं टिकली कशी?

प्रतिसाद

‘सु’ तोच, शुभ या अर्थाचा. सुकार्नो म्हणजे सु + कर्ण. सुसीलो म्हणजे सुशील. सुहार्तोमधला ‘हार्तो’ म्हणजे धन, मूळ संस्कृत ‘अर्थ’. सुत्रिस्नो मला सगळ्यांत आवडतं. आपल्याकडे तृष्णा म्हटलं की तहान, नाहीतर हाव. जावानीज भाषेत त्याच शब्दाचं ‘त्रेस्ना’ झालं आणि अर्थ झाला प्रेम.

मात्र प्रत्येक ‘सु’ला भुलू नका. ‘सुगिहार्तो’ हे नावही तिकडे सर्रास आढळतं. त्याची फोड सु + काहीतरी अशी नाही. ‘सुगिह’ हा अस्सल जावानीज शब्द आहे, अर्थ श्रीमंत.

शेवटचा ‘ओ’ही महत्त्वाचा. जावानीज लोक शब्दाच्या शेवटचा ‘आ’ जवळजवळ ‘ऑ’ असा उच्चारतात, म्हणून कर्णाचा ‘कार्नो’. जावा बेटाच्याच पश्चिमेला सुंदानीज बोलणारे लोक राहतात, त्यांच्याकडे सुत्रिस्नोचा ‘सुतिस्ना’ होतो. म्हणजे ‘सु…ओ’ ही खूण सबंध इंडोनेशियाची नव्हे, ती मध्य आणि पूर्व जावाची. सुमात्रातल्या बाताक माणसाचं नाव ऐकून हे वळण मुळीच आठवणार नाही.

सुकार्नोंचं जन्मनाव कुस्नो होतं. लहानपणी सारखे आजारी पडत, म्हणून वडिलांनी नाव बदलून कर्णाचं ठेवलं. नाव मुलाला ‘जड’ झालं की ते आजारी पडतं, अशी जावात समजूत आहे. मूल जगावं म्हणून धोंडू, दगडू अशी नावं ठेवणाऱ्या आपल्या आजी-पणजींना हे समजावून सांगावं लागलं नसतं.

प्रतिसाद

‘हिंदू नावं’ या शब्दालाच माझी हरकत आहे. जावातल्या मुसलमान घरात विस्नू, देवी, श्री, बीमो ही नावं ठेवताना कुणी धर्माचा विचार करत नाही. पांडव तिथे वायांगमधून, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळातून घरोघरी पोचले, तेही जावानीज होऊनच. प्राबोवो हे आजच्या राष्ट्राध्यक्षांचं नाव मुळात ‘प्रभाव’, पण ते ठेवताना कुणी संस्कृतचा कोश उघडत नाही.

उलट बाजूनेही बघा. ‘स्लामेत’ हे अगदी ठेवणीतलं, गावाकडचं जावानीज नाव. ते अरबी ‘सलामत’वरून आलंय. एका ज्वालामुखीचंही तेच नाव. तरी ते ऐकून तिथे कुणाला अरबस्तान आठवत नाही. ‘आपली नावं त्यांनी घेतली’ असं आपण कौतुकाने म्हणतो ते मला पटत नाही. शब्द गेले त्याला हजार वर्षांहून जास्त काळ लोटला. आता ती त्यांची नावं आहेत.

आणखी एक. एक, द्वी, त्री, चातुर, पंचा ही जावात चक्क मुलांची नावं असतात, जन्माच्या क्रमाने. त्री नावाची बाई भेटली तर ती बहुधा तिसरं अपत्य.

प्रतिसाद

बॅडमिंटनचं उदाहरण प्रश्नकर्त्यांना वाटतं तितकं सरळ नाही. सुसांती, बुदिकुसुमा आणि हार्तोनो हे तिघंही चिनी वंशाचे. ऑल इंग्लंड आठ वेळा जिंकणाऱ्या रूडी हार्तोनोंचं जन्मनाव न्यो हाप लियांग. १९६६ साली सरकारने निर्णय काढून चिनी वंशाच्या नागरिकांना इंडोनेशियन वळणाची नावं घ्यायला सांगितलं. सांगितलं म्हणण्यापेक्षा भाग पाडलं म्हणा, कारण त्या वर्षांतल्या वातावरणात चिनी नाव मिरवणं धोक्याचं होतं. मग लोकांनी संस्कृत वळणाची नावं निवडली. बुदी म्हणजे बुद्धी, कुसुमा म्हणजे कुसुम.

काहींनी नव्या नावात जुनं कुळ जपलं. लिम स्यू लियाँग या बड्या उद्योगपतीचं ‘सुदोनो सालिम’ झालं. ‘सुदोनो’त सु आणि धन या अर्थाचा दोनो, आणि ‘सालिम’मध्ये बघा, ‘लिम’ तसाच बसलाय. सगळ्यांनीच नाव बदललं असंही नाही. १९८० च्या ऑल इंग्लंड अंतिम सामन्यात प्रकाश पदुकोणने ज्याला हरवलं, तो लिम स्वी किंग चिनी नावानेच खेळत होता.

म्हणून आपल्याला जी नावं सर्वांत ‘इंडोनेशियन’ वाटतात, त्यांतली काही दडपणाखाली घेतलेली आहेत, हे विसरून चर्चा करू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद

बालीचं राहिलं. तिथे पहिला वायान, दुसरा माडे (मूळ ‘मध्य’), तिसरा न्योमान, चौथा केतुत, आणि पाचवं मूल झालं तर पुन्हा वायान. मुलगा असो वा मुलगी, नाव तेच, फक्त मुलाला आधी ‘ई’ आणि मुलीला ‘नी’. केतुत म्हणजे घडाच्या टोकाचं छोटं केळं, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. आपलं शेंडेफळच की!

प्रतिसाद

लिहिण्याबद्दल थोडं. रोमन लिपीतला ‘सी’ इंडोनेशियनमध्ये नेहमी ‘च’ असतो. त्यामुळे मराठीत ‘कातुर’ किंवा ‘सातुर’ छापलं जातं ते चूक, ‘चातुर’ हवं. १९७२ च्या लेखनसुधारणेआधी हाच ‘च’ टी-जे असा लिहीत, त्यामुळे जुन्या पुस्तकांत वेगळं रूप दिसेल. सुकार्नो स्वतः सही मात्र शेवटपर्यंत जुन्या डच पद्धतीने, ‘उ’साठी ओ-ई वापरून करत.

शिवाय सुकार्नो, सुहार्तो ही आडनावं नव्हेत. त्यांचं अख्खं नाव तेवढंच. ‘सुहार्तो यांचं पहिलं नाव काय’ या प्रश्नाला उत्तर नाही. २०२२ च्या नियमाने मात्र नव्या बाळांच्या नावात किमान दोन शब्द असावेत असं ठरवलं.