मदत हवी आहे: केव्हीएममधील बदल नेस्टेड मशिनवर तपासणे पुरेसे आहे का?

नमस्कार. २००७ साली २.६.२० या आवृत्तीत लिनक्स कर्नलमध्ये दाखल झालेल्या केव्हीएमसाठी (व्हर्च्युअल मशिन चालवणारा कर्नलचा भाग) एखादी सेल्फटेस्ट, म्हणजे कर्नलच्या कोडसोबत ठेवली जाणारी चाचणी, लिहून योगदानाला सुरुवात करावी, असा माझा विचार आहे. अडचण यंत्राची आहे. माझ्याकडे इंटेल प्रोसेसरचा एकच लॅपटॉप असून रोजच्या कामाच्या यंत्रावर अर्धवट तपासलेले कर्नल चालवणे मला धोक्याचे वाटते. म्हणून बदललेले कर्नल एका व्हर्च्युअल मशिनमध्ये बसवून चाचणीचे मशिन त्याच्या आत, म्हणजे नेस्टेड पद्धतीने, सुरू करावे म्हणतो.

मात्र या मांडणीत सर्वांत आतल्या मशिनचा प्रत्येक एक्झिट (मशिनमधून नियंत्रण बाहेर येण्याचा प्रसंग) आधी मूळ होस्टकडे, म्हणजे लॅपटॉपवरील कर्नलकडे, जातो, आणि तो तेथेच हाताळायचा की मधल्या हायपरव्हायझरकडे (मधल्या मशिनमधील केव्हीएमकडे) सोपवायचा हे होस्टचे कर्नल ठरवते. वेगाचे आकडे त्यामुळे निरुपयोगी ठरणार, हे उघड आहे. माझा प्रश्न अचूकतेविषयी आहे. मधल्या थराला दिसणारी ईपीटी (मशिनचे मेमरी पत्ते खऱ्या पत्त्यांशी जोडणारे तक्ते) आणि डर्टी, म्हणजे मजकूर बदललेल्या, मेमरी पेजांची नोंद ठेवणारी पीएमएल यंत्रणा होस्टच्या केव्हीएमनेच अनुकरणाने उभी केलेली असल्याने, तेथे उत्तीर्ण झालेल्या चाचणीवर कितपत विसंबावे? पॅच पाठवण्यापूर्वी ती प्रत्यक्ष हार्डवेअरवर चालवणे आवश्यक मानले जाते का? या भागात काम केलेल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. एएमडीच्या यंत्रावर चाचणी चालवून पाहण्यास कोणी तयार असल्यास तेही कळवावे.