इंजिन पाणी खातंय, बाहेर एक थेंब नाही : हेड उघडायचं की आधी दुसरं काही तपासायचं?

दर्यावर्दी_६सिलिंडर

बोटीवरचं डिझेल इंजिन : ६ सिलिंडर, वेट लायनर (सिलिंडरची नळी, बाहेरून थेट कूलंट लागतं), टर्बो, आफ्टरकूलर (टर्बोची हवा गार करणारा) समुद्राच्या पाण्यावर, हीट एक्स्चेंजर (नळ्यांतून जाणाऱ्या समुद्राच्या पाण्यानं कूलंट गार करणारा), वेट एक्झॉस्ट. ७,००० तास झालेत. कूलंट एकूण ४५ लिटर, हेडर टँकची (वरच्या कूलंट टाकीची) कॅप ०.९ बारची.

लोडवर ८ तास चाललं की साधारण १ लिटर कूलंट कमी होतं. निव्वळ आयडलवर फारसं नाही. डिपस्टिकवर तेल स्वच्छ, दूधकट नाही. पांढरा धूर दिसत नाही. बिल्जमध्ये (बोटीच्या तळात) कूलंट नाही, होजखाली हात फिरवला तर कोरडं. तापमान काटा ८२-८५ वर स्थिर.

दुरुस्तीवाल्याचं म्हणणं, हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधला सील) गेली. हेड उघडतोच आहोत तर सहाही लायनर किट बदलून टाकू. पार्ट मागवण्याआधी इथे विचारतोय. खात्री कशी करायची?

जुना_फिटर

पार्ट मागवू नका. तुम्ही दिलेल्या माहितीतून हेड गॅस्केट सिद्धही होत नाही आणि सुटतही नाही.

आधी दोन गैरसमज बाजूला काढू. "पांढरा धूर नाही" हा वेट एक्झॉस्टच्या इंजिनात पुरावाच नव्हे. एक्झॉस्टमध्ये समुद्राचं पाणी मिसळतंच, वाफ कायम असते, त्यात तासाला सव्वाशे मिलिलिटर कूलंटची वाफ कुणाला दिसणार? दुसरं, टँक कुठपर्यंत भरता? ४५ लिटर मिश्रण गार अवस्थेतून ८५ अंशांवर जाताना दीड ते दोन लिटरनं फुगतं. गळ्यापर्यंत भरत असाल तर जास्तीचं कूलंट कॅपमधून ओव्हरफ्लोच्या नळीनं निघून जातं आणि तुम्ही रोज तेवढंच परत ओतता. नळीचं तोंड एका बाटलीत सोडा आणि एक फेरी मारा. बाटलीत लिटरभर जमलं तर बहुधा गळती नाही. पातळीची खूण चुकतेय किंवा कॅपचं स्प्रिंग मेलंय. कॅपही टेस्टरवर लावून बघा, ०.९ ची कॅप ०.५ ला उघडत असेल तर बदला.

बाटली कोरडी राहिली तर प्रेशर टेस्ट. ही नीट करणारे कमी, म्हणून सविस्तर लिहितो.

इंजिन पूर्ण गार हवं. कोमट इंजिनावर दाब दिला तर थंड होता होता काटा आपोआप उतरतो आणि नसलेली गळती दिसते. टँक या चाचणीपुरता गळ्यापर्यंत भरा. आत हवेची जागा जितकी कमी, तितका काटा लवकर हलतो. दोन लिटर हवा ठेवलीत तर ३० मिलिलिटरची गळती काट्यावर जवळपास दिसतच नाही. हातपंपानं ०.९ बार द्या, कॅपच्या आकड्यापेक्षा जास्त नको. २० मिनिटं थांबा. आधी टेस्टरचाच रबर वॉशर आणि जोड साबणाच्या पाण्यानं तपासा, अर्ध्या वेळा तोच गळत असतो.

दाब असतानाच टॉर्च घेऊन फिरा. पाणी शोधू नका, खपली शोधा. गरम धातूवर झिरपलेलं कूलंट लगेच वाळतं आणि हिरवट, गुलाबी किंवा पांढरा थर मागे ठेवतं. वॉटर पंपाखालचं टेल-टेल (सील गळला की दाखवणारं) भोक, वॉटर-जॅकेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे जोड, टर्बोच्या कूलंट लाइन, ब्लॉकचे कोअर प्लग, थर्मोस्टॅट हाउसिंग. पंपाच्या भोकापाशी जुना डाग चालतो, ओल चालत नाही. ते भोक रंगानं किंवा ग्रीसनं बुजलेलं असेल तर आधी मोकळं करा.

काटा उतरतोय आणि बाहेर कोरडं आहे, तर कूलंट चार ठिकाणी जाऊ शकतं : समुद्राच्या पाण्यात (हीट एक्स्चेंजर), तेलात (ऑइल कूलर, लायनरच्या खालच्या ओ-रिंग), सिलिंडरात (हेड गॅस्केट, चिरलेलं हेड, लायनर), किंवा एक्झॉस्टमध्ये (मॅनिफोल्डचं जॅकेट). तुमचं तेल स्वच्छ आहे आणि नुकसान लोडवर वाढतंय. मी पहिला पैसा एक्स्चेंजरवर लावेन.

दर्यावर्दी_६सिलिंडर

बाटली लावली, कोरडी राहिली. कॅप ठीक. प्रेशर टेस्ट उद्या. दरम्यान एकानं सुचवलं की कूलंटमध्ये यूव्ही डाय (यूव्ही दिव्यात चमकणारा रंग) टाका आणि बाहेर पडणारं समुद्राचं पाणी बादलीत घेऊन दिव्यात बघा. करावं का?

जनसेट_ऑपरेटर

डाय बाहेरच्या गळतीसाठी उत्तम, या कामासाठी निरुपयोगी. हिशेब करा : रॉ वॉटर (समुद्राच्या पाण्याचा) पंप मिनिटाला १२० लिटर फेकत असेल तर ८ तासांत ५७,६०० लिटर. त्यात तुमचं एक लिटर. बादलीत काहीही चमकणार नाही.

हेड गॅस्केटबद्दल. निळ्या द्रवाचा टेस्टर (कूलंटमध्ये ज्वलनाचा वायू असेल तर रंग बदलतो) वापरणार असाल तर डिझेलवर आयडलला करू नका. आयडलला डिझेल इंजिनात हवा भरमसाट आणि इंधन थोडं, एक्झॉस्टमध्ये कार्बन डायऑक्साइड कमी, द्रव निळाच राहतो आणि खोटा दिलासा मिळतो. १५-२० मिनिटं लोडवर चालवून मग घ्या. टँकची पातळी आधी थोडी खाली करा, द्रवात कूलंट ओढलं गेलं तर चाचणी बाद. डिझेलमध्ये रंग पूर्ण पिवळा होईलच असं नाही, हिरवट झाला तरी गॅस आहे असं समजा.

त्याहून साधं म्हणजे ओव्हरफ्लोची नळी पाण्यानं भरलेल्या बाटलीत बुडवून ठेवा. थर्मोस्टॅट उघडून अडकलेली हवा निघून गेल्यावरही बुडबुडे येत राहिले आणि लोडबरोबर वाढले, तर आत गॅस शिरतोय. गार इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांत वरची होज दगडासारखी कडक होत असेल तर तीच गोष्ट.

एक सापळा मात्र लक्षात ठेवा. बुडबुडे येतात पण टेस्टरचा रंग बदलत नाही, असं झालं तर तो ज्वलनाचा वायू नसून साधी हवा आहे. इंडस्ट्रियल इंजिनावर कूलंटनं गार होणारा एअर कॉम्प्रेसर असेल तर त्याच्या हेडची गॅस्केट बघा. ७-८ बारची हवा कूलंटमध्ये घुसते. आफ्टरकूलर जॅकेट वॉटरवर असेल तर बूस्टची हवाही तशीच येते. अशा इंजिनांची हेड विनाकारण उघडली जातात. तुमचा आफ्टरकूलर समुद्राच्या पाण्यावर आहे, म्हणून तो या यादीतून बाहेर. जनसेटवाल्यांनी (जनरेटरवाल्यांनी) यात ईजीआर कूलरही (परत इंजिनात सोडायचा एक्झॉस्ट गार करणारा) धरावा, तो चिरला तर कूलंट सरळ एक्झॉस्टमध्ये जातं आणि बाहेर काहीच दिसत नाही.

तेलकट_हात

"डिपस्टिकवर दूधकट नाही" यावर फार भरवसा नको. गरम इंजिनात तेलातलं पाणी उडून जातं, कूलंटमधलं ग्लायकॉल मागे राहतं आणि बेअरिंग खातं. इंजिन रात्रभर उभं ठेवा, सकाळी सुरू न करता सम्पचा (तळातल्या तेलाच्या टाकीचा) ड्रेन प्लग अगदी हळू सैल करा. कूलंट तेलापेक्षा जड, असेल तर पहिले थेंब त्याचेच येतील. सोबत तेलाचा नमुना प्रयोगशाळेत द्या, सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही बघायला सांगा. नुसतं सोडियम वाढलं तर समुद्राच्या पाण्याचाही संशय घ्या. गिअरवर चालणाऱ्या रॉ वॉटर पंपाच्या दोन सीलमधलं भोक बुजलं की खारं पाणी थेट तेलात जातं.

ऑइल कूलर ओळखायची खूण : इंजिन चालू असताना तेलाचा दाब ३-५ बार, कूलंटचा एकाच्या आसपास, म्हणून तेल कूलंटमध्ये येतं आणि हेडर टँकमध्ये काळा लोण्यासारखा थर दिसतो. बंद केल्यावर तेलाचा दाब शून्य, कूलंटचा शिल्लक, मग उलटा प्रवास. दोन्हीकडे घाण म्हणजे कूलर. फक्त तेलात पाणी आणि टँक स्वच्छ, तर लायनरच्या ओ-रिंग किंवा लायनरला पडलेली भोकं.

आणि सिलिंडरात पाणी असल्याची जराही शंका असेल तर स्टार्टर मारण्याआधी फ्लायव्हील हातानं दोन फेरे फिरवा. अडलं तर थांबा, इंजेक्टर काढा. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

दर्यावर्दी_६सिलिंडर

प्रेशर टेस्ट झाली. गार इंजिन, टँक गळ्यापर्यंत, ०.९ बार. २० मिनिटांत ०.७ वर. बाहेर सगळं कोरडं. सम्पच्या प्लगमधून फक्त तेल. लोडवर बाटलीत बुडबुडे नाहीत. आता एक्स्चेंजर कसा पक्का करायचा?

जुना_फिटर

सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारी झडप) बंद करा. एक्स्चेंजरच्या रॉ वॉटर बाजूच्या दोन्ही होज काढा, आतलं समुद्राचं पाणी निथळू द्या, दोन्ही बाजूंची एंड कव्हर उघडा. नळ्यांची तोंडं कापडानं कोरडी करा आणि पुन्हा ०.९ बार द्या. ज्या नळीतून थेंब येईल ती फुटलेली. थेंब नळीच्या आतून येतोय की नळी आणि ट्यूब प्लेटच्या (नळ्यांची टोकं बसवलेल्या प्लेटच्या) जोडातून, ते नीट बघा. थेंब मोजा : तुमचा दर मिनिटाला दोन मिलिलिटर, म्हणजे चाळीसेक थेंब. गारमध्ये थोडे कमी आले तरी जुळतं. मिनिटाला दोनच थेंब आले तर अजून कुठेतरी गळती आहे, तिथेच समाधान मानू नका.

इंजिन चालताना कूलंटचा दाब बहुतेक मांडणीत रॉ वॉटरपेक्षा जास्त, म्हणून कूलंट समुद्रात जातं. बंद आणि गार झाल्यावर कूलंटचा दाब शून्य. एक्स्चेंजर पाण्याच्या पातळीखाली असेल आणि सी-कॉक उघडा राहिला तर खारं पाणी आत येतं. म्हणून कूलंट क्लोराइडच्या पट्टीवर तपासा. चाखून बघू नका, ग्लायकॉल विष आहे.

दर्यावर्दी_६सिलिंडर

सापडलं. ८४ नळ्यांपैकी दोन, दोन्ही रॉ वॉटर आत येते त्या टोकाला. मिनिटाला तीसेक थेंब. एंड कव्हरमध्ये रॉ वॉटर पंपाच्या इम्पेलरच्या पात्याचा तुकडा आणि झिंकचे (नळ्यांऐवजी स्वतः झिजावं म्हणून बसवलेल्या धातूचे) खडे मिळाले. क्लोराइड पट्टीचा रंग बराच बदलला. बुच मारू की नळ्यांचं बंडलच बदलू?

जुना_फिटर

साधारण नियम, दहा टक्क्यांपर्यंत नळ्या बुजवल्या तर चालतं, तुमच्या ८४ मध्ये आठपर्यंत. दोन्ही टोकांना निमुळती पितळी बुचं, हलक्या हातानं ठोकून. पोलादी नकोत, खाऱ्या पाण्यात गंजून जातील. जोरात ठोकलंत तर शेजारच्या नळीचा जोड सुटतो.

पण पाणी आत येतं त्या टोकाच्या नळ्या गेल्यात, याचा अर्थ तिथे पाण्याचा मार आणि तुकड्यांमागची भोवरी धातू खात होती. शेजारच्या नळ्याही पातळ असणार. बुच हा हंगाम काढायचा उपाय, बंडल मागवून ठेवा.

पार्ट मागवताना एक्स्चेंजरच्या स्वतःच्या प्लेटवरचा नंबर आणि इंजिनचा सिरीयल नंबर दोन्ही द्या. नुसत्या मॉडेलवर मागवू नका. एकाच मॉडेलवर नळ्यांची संख्या आणि बंडलची लांबी वेगळी निघते. बंडलसोबत दोन्ही बाजूंच्या ओ-रिंग, एंड कव्हरची गॅस्केट, झिंक आणि इम्पेलर किट. बंडल काढण्याआधी त्यावर आणि बॉडीवर खूण करा, उलटं बसलं तर कूलंटच्या वाटा जुळत नाहीत.

झिंकच्या चुडीवर टेफ्लॉन टेप लावू नका, धातूला धातू लागलाच पाहिजे, नाहीतर झिंक नुसतं शोभेचं. अर्धं झिजलं की बदला. तुटेपर्यंत वाट पाहिली की तुम्हाला मिळाले तसे खडे नळ्यांत जाऊन बसतात. इम्पेलरची गायब पाती मोजा, प्रत्येक तुकडा हाती लागला पाहिजे. राहिला तर आफ्टरकूलरमध्येही असू शकतो.

तेलकट_हात

ओ-रिंगबद्दल भर. ईपीडीएम रबराची कूलंटला चांगली, तेलानं फुगते. बसवताना तिला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, साबणाचं पाणी किंवा स्वच्छ कूलंट पुरे. पुढे कधी लायनर काढलेत तर हे जास्त महत्त्वाचं, वरची आणि खालची ओ-रिंग वेगळ्या मटेरियलची असू शकते, रंग बघून जागेवरच बसवा.

होज काढल्याच आहेत तर क्लॅम्पही बघा. सिलिकॉन होजवर भोकांच्या पट्टीचा क्लॅम्प लावला की रबर भोकांतून वर येऊन कापलं जातं, आतून गुळगुळीत पट्टीचा घ्या.

जनसेट_ऑपरेटर

क्लोराइड आलंय म्हणजे जुनं कूलंट पूर्ण काढावंच लागेल, वरून भर घालून भागणार नाही. ब्लॉकचा ड्रेन प्लगही उघडा, नुसत्या टँकच्या नळानं अर्धं आतच राहतं. स्वच्छ पाणी भरा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, इंजिन ५० अंशांखाली आल्यावर काढा. पट्टी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा, सहसा दोन-तीन वेळा. बिल्जमध्ये सोडू नका.

मग ५०:५०, डिमिनरलाइज्ड पाण्यात. साधं पाणी वापरायची वेळ आली तर क्लोराइड ४० पीपीएमच्या आत आणि सल्फेट १०० च्या आत हवं. वेट लायनर आहेत, म्हणून हेवी-ड्यूटी कूलंटच. लायनर थरथरतो, त्याच्या भिंतीशी बुडबुडे फुटतात आणि थ्रस्टच्या (पिस्टन दाबतो त्या) बाजूला धातूत सुईसारखी भोकं पडतात. ॲडिटिव्हचा थर ते रोखतो. तुम्ही महिनोन्महिने रोज लिटरभर भर घालत होता, ती नुसत्या पाण्याची असेल तर ॲडिटिव्ह केव्हाच पातळ झालंय. जास्तीचं ॲडिटिव्हही ओतू नका, जेल होऊन पंपाचं सील खराब होतं.

लीक-स्टॉप पावडर अजिबात नको. भोकाआधी तिला एक्स्चेंजर आणि ऑइल कूलरच्या अरुंद वाटा सापडतात.

भरल्यावर व्हेंट उघडून हवा काढा, लोडवर एक तास चालवा, गार करून पुन्हा ०.९ बार, २० मिनिटं. काटा हलला नाही तर सहा लायनर किटची यादी फाडून टाका.