थंडीत तुमच्या घरात काय करता? बेळगाव सीमाभागातले अनुभव

शहापूर, बेळगाव

दिवाळी सरली की पहाटे दार उघडवत नाही. सुमारे ७५० मीटर उंचीवरचं आमचं गाव. दुपारी ऊन चटके देतं आणि दिवस मावळला की हुडहुडी भरते. घरात एकजण खोकायला लागला की आठवडाभरात सगळ्यांची पाळी. म्हणून हा धागा. ऐकीव नको, आपल्या घरातलं लिहा. काय उपयोगी पडलं ते लिहा आणि काय अंगलट आलं तेही लिहा.

आधी माझं सांगते. गेल्या वर्षी मार्गशीर्ष पौर्णिमेला आई यल्लम्माच्या जत्रेला सौंदत्तीच्या डोंगराला जाऊन आली. टेम्पोत दाटीवाटीनं बसलेल्या बायका, वारा लागू नये म्हणून चहूबाजूंनी ताडपत्री. चौथ्या दिवशी तिचं नाक वाहायला लागलं. शेजारच्या अक्का म्हणाल्या, "कषाय कुडीरी, कडिमी आगतद." म्हणजे कानडीत, काढा प्या, कमी होतं. धने, जिरं, मिरी, सुंठ भाजून केलेली त्यांची पूड खरंच चांगली. मी मात्र त्यात भरपूर ज्येष्ठमध घालायला लागले. घशाला बरं वाटायचं, म्हणून दिवसातून तीनदा, तीन आठवडे दिलं. आईला बीपीची गोळी चालू आहे. तिचे पाय सुजले, बीपी १८० वर गेलं. डॉक्टरांनी गोळ्या पाहिल्या आणि विचारलं, "याशिवाय घरात काय देता?" ज्येष्ठमधानं अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो, हे तेव्हा कळलं. बंद केल्यावर हळूहळू ताळ्यावर आलं. सर्दी तर केव्हाच गेली होती. ती तशीही आठ-दहा दिवसांत जातेच. कषाय मी आजही करते, ज्येष्ठमध न घालता.

कडोली

ताई, आमच्याकडे भाजीपाला. पंपाला करंट बऱ्याचदा रात्रीच येतो. डिसेंबरात रात्रभर चिखलात उभं राहून पाणी पाजायचं आणि सकाळी भाजी काढायला वाकायचं. दरवर्षी दोन-तीनदा तापानं पडायचो. मुलगी सांगते, सर्दी थंडीनं होत नाही, विषाणूनं होते. बरोबर असेल, खरं तीन रात्री डोळा लागला नाही की माणूस कशानंही पडतो, हे मी अंगावर काढलंय. दोन वर्षांपासून भावाबरोबर पाळ्या लावल्या. एक रात्र त्याची, एक माझी, आणि ज्याची रात्र त्याला दुपारपर्यंत कुणी उठवायचं नाही. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घेतले. सकाळी नाचणीची गरम आंबील, जेवणात हुलग्याचं माडगं, भाकरीवर कारळ्याची चटणी. हे आईच्या वेळेपासून चालूच होतं आणि तरीही मी आजारी पडत होतो. फरक पडला तो झोपेनं, असं माझं ठाम मत आहे.

चिकोडी तालुका (आशा कार्यकर्ती)

मला ऊसतोडीच्या कोप्यांबद्दल लिहायचंय. गाळप सुरू झालं की आमच्या शिवारात टोळ्या उतरतात. पाचटाच्या कोप्या, आत चूल, बाहेर शेकोटी. माणसं पहाटे चारला फडात जातात आणि तान्ही पोरं सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या मांडीवर.

मागच्या जानेवारीत एका कोपीत आठ महिन्यांचं बाळ पाहिलं. आई म्हणाली, "नुसता खोकलाय ताई, कापराचं तेल चोळलंय." बाळाचं अंगडं वर केलं तर श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. ५८ आले. आम्हाला शिकवलंय ते प्रत्येक आईला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून इथं देते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास असले, तर न्यूमोनिया समजून लगेच दवाखाना गाठायचा. मोजताना बाळ रडत नसावं. छाती आत ओढत असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर मोजत बसायचंही नाही.

बाईचा पाय निघेना. "उचल घेतलीय, कोयता बंद ठेवला तर मुकादम काय म्हणंल?" मी मुकादमालाच बोलावलं, बाळाची छाती दाखवली. तो काही बोलला नाही, मोटरसायकल काढली. तालुक्याच्या दवाखान्यात ऑक्सिजन आणि इंजेक्शनं मिळाली, सहाव्या दिवशी बाळ परत आलं.

नंतर लसीचं कार्ड मागितलं, तर ते गावी राहिलेलं. न्यूमोनियाची पीसीव्ही लस सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिन्यांना सरकारी केंद्रात फुकट मिळते. पण घर सुटलं की डोस सुटतात. आता टोळी उतरली की पहिल्या आठवड्यातच मी कोप्या फिरते. तुमच्या शेतात टोळी आली असेल, तर आशाताईला एक फोन करा. एवढंच मागणं आहे.

निपाणी

माझी आई तंबाखूच्या वखारीत होती, नंतर घरी विड्या वळायची. थंडीत खोकला ठरलेलाच. "खकाण्याचा (तंबाखूच्या धुळीचा) खोकला हाय, उन्हाळ्यात जातोय," म्हणायची. आम्हीही तेच धरून चाललो. आलं-मध, हळदीचं दूध, मेडिकलमधून तीन गोळ्यांचा अँटिबायोटिकचा डोस. दोन महिने गेले, आईच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या तेव्हा बेडका तपासला. टीबी निघाला. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला टिकला की बेडका तपासायचा, हे दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. मी ते कितीदा तरी वाचलं होतं. औषध फुकट, खुराकासाठी महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात, घरातल्या सगळ्यांचीही तपासणी झाली. पाचवा महिना चालू आहे. अंगावर मांस आलंय. ते दोन महिने मात्र मनातून जात नाहीत.

जांबोटी, खानापूर

बायको बाळंतपण करून घरी आली तेव्हा ऐन थंडी. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून आमच्या आज्जीनं दार-खिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी ठेवली. पहाटे बायकोला उलट्या, डोकं फुटल्यासारखं. मी दार उघडून दोघांना पडवीत आणलं म्हणून निभावलं. बंद खोलीत कोळशाचा जो वायू साठतो त्याला वास नसतो. झोपेतच माणूस जातो. आता शेगडी बाहेर पेटवतो, धग घेतो आणि ती बाहेरच ठेवतो. बाळाच्या नाकात तेल घालायचंही आम्ही सोडलं. ते फुप्फुसात उतरू शकतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आज्जी आठवडाभर रुसली होती, खरं आता शेजारणींना तीच सांगते.

कॅम्प, बेळगाव

वय ७१, मधुमेह. दरवर्षी फ्लूची लस घेतो. विषाणू बदलत राहतो, म्हणून दरवर्षी घ्यावी लागते, आणि अंगात ताकद यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून थंडी पडायच्या आधी. लस घेऊनही साधी सर्दी होते, तिच्यावर ही लस नाही. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी पोटभर खातो. ते औषध म्हणून नव्हे.

शहापूर, बेळगाव

सगळ्यांचं वाचलं. चिकोडीच्या ताई, तुमचे श्वासांचे आकडे कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलेत. माझी भाची सात महिन्यांची आहे.

आई यंदाही डोंगराला जाणार. फ्लूची लस घेतलीय, पिशवीत मास्क आहे. टेम्पोवाल्याशी बोलले. एका बाजूची ताडपत्री तो उघडी ठेवणार आहे, त्या बाजूला तरण्या बायका बसतील.

निपाणीच्या ताई, सहावा महिना संपला की आईंचा बेडक्याचा रिपोर्ट काय आला ते इथं नक्की लिहा.